टोचन कुठे लावणार?

'टोचन' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, कोणाला तरी इंजेक्शन द्यायचंय! कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचे असे परिणाम होतात. मित्रमैत्रिणींनो, ज्यांचं माझ्यासारखंच झालंय त्यांच्यासाठी सांगते. रुतलेली किंवा बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढायची, त्याला टोचन म्हणतात. 'टोचन लावून आणली' असं गॅरेजवाले म्हणतात. आता हा शब्द मला इतका पाठ झालाय की मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. (मागच्या वर्षी मी 'पाऊस आणि मी' असा लेख दिला होता. तो वाचला असेल तर विसरून जा.)

या लेखातही पाऊस आहे, पण जरा वेगळा.

माझ्या मामाकडे एक जुनी जीप आहे. फोर बाय फोर, माझ्यापेक्षा वयाने मोठी, आणि मामीच्या मते घरातल्या सगळ्यांपेक्षा लाडकी. दर पावसाळ्यात मामा आणि त्याचे चार-पाच दोस्त मुळशी नाहीतर मावळ भागात चिखलात गाड्या घालायला जातात. त्याला ते ऑफरोडिंग म्हणतात. मामी त्याला 'स्वतःहून रुतायला जाणं' म्हणते आणि तिचंच बरोबर आहे, कारण गंमत त्यातच असते. मी मेकॅनिकलला आल्यापासून मामा मला आवर्जून नेतो. कौतुकाने वगैरे नाही, फावडं मारायला एक माणूस जास्त मिळतो म्हणून.

गेल्या जुलैमध्ये अशीच आमची जीप एका ओढ्याच्या काठावर चारही चाकांनी बसली. अगदी चॅसीपर्यंत चिखल. मामाच्या मित्राची, म्हणजे काकांची नवी थार पुढे उभी होती. मामाने त्याच आठवड्यात एक रिकव्हरी बेल्ट मागवला होता. नऊ मीटर लांब, नायलॉनचा, पाच टनी, पिशवीतून पहिल्यांदाच बाहेर काढलेला. त्याचं एक टोक काकांच्या गाडीच्या मागे लावलं आणि दुसरं आमच्या जीपच्या पुढच्या बंपरवरच्या हुकाला. हुक कसा? लालभडक, जाडजूड, चकचकीत. त्याच्याकडे बघूनच वाटावं की याला धरून डेक्कन क्वीन ओढता येईल!

पहिल्या वेळी काकांनी हळूच ओढलं. जीप हलली नाही. मग ते मागे आले, बेल्ट थोडा सैल सोडला आणि पळत्या गाडीने झटका दिला. तसा झटका देण्यासाठीच हा बेल्ट असतो, ते काही चूक नव्हतं. मी पाच मिनिटांपूर्वीपर्यंत काकांच्या गाडीत मागच्या सीटवर बसले होते. आतून व्हिडिओ नीट येत नव्हता म्हणून उतरून लांब, चढावर जाऊन उभी राहिले.

फटाका फुटल्यासारखा आवाज आला. बेल्ट तुटला नाही, त्याला काहीही झालं नाही. हुक निघाला. बंपरमधून उपटून, बेल्टच्या टोकाला लटकलेला तसाच हवेतून गेला आणि थारची मागची काच फोडून आत शिरला. आम्हाला तो सापडला तेव्हा मागच्या सीटवर काचांच्या ढिगात पडला होता. सीटच्या पाठीला एवढा खड्डा. मी जिथे बसले होते तिथेच.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नशीब."

मला हा शब्द अजिबात पटलेला नाही आणि हा सगळा लेख त्या एका शब्दाशी भांडण आहे.

घरी आल्यावर मी तो हुक धुतला आणि बघितला. हुकाला खरंच काही झालं नव्हतं. तो दोन बोल्टांनी बंपरला लावलेला होता. बंपरचा पत्रा तीन एक मिलिमीटरचा. बोल्ट दहा मिलिमीटरचे, दोन्ही तुटलेले, आणि दोघांच्याही डोक्यावर काहीही लिहिलेलं नाही. आता तुम्ही म्हणाल बोल्टच्या डोक्यावर काय लिहायचं असतं? फर्स्ट इयरला मलाही हाच प्रश्न पडला होता. चांगल्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे त्याची तन्य ताकद, मेगापास्कलमध्ये. ८.८ म्हणजे ८००. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतो त्या साध्या, बिनआकड्याच्या बोल्टला ४०० सुद्धा धरताना मन मोठं करावं लागतं.

धरू या ४००. बोल्ट आडवा कापला जाताना, म्हणजे शिअरमध्ये, त्याच्या साधारण ६० टक्के ताकद मिळते. १० मिलिमीटर बोल्टचं आट्यांमधलं क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर. गुणाकार केला तर एका बोल्टला १४ किलोन्यूटन, दोघांना मिळून २८. म्हणजे पावणेतीन-तीन टन. आणि हे सगळं नवीन, न गंजलेलं, सरळ ओढलेलं धरून!

आता दुसरी बाजू बघा. काकांची गाडी माणसं-सामानासकट दोन टन धरा आणि वेग ताशी २० किलोमीटर. हाफ एम व्ही स्क्वेअर केलं की ३१ हजार ज्यूल येतात. ही सगळी ऊर्जा बेल्टने ताणून पोटात घ्यायची. नायलॉनचा बेल्ट साधारण २० टक्के ताणतो, म्हणजे नऊ मीटरला १.८ मीटर. बल शून्यापासून वाढत जातं म्हणून शेवटचं बल सरासरीच्या दुप्पट. आलं ३४ किलोन्यूटन, साडेतीन टन. बेल्ट पाच टनी, त्याला हे सहज झेपलं असतं. हुकाच्या बोल्टांना पावणेतीन. मग कोण तुटणार हे सांगायला नशीब कशाला पाहिजे? एवढं गणित तर सेकंड इयरचा बॅकलॉगवाला पण करेल.

पण खरी भीतीदायक गोष्ट पुढेच आहे. बोल्ट तुटले तेव्हा बेल्टमध्ये किती ऊर्जा साठली होती? माझ्या हिशोबाने २० हजार ज्यूलच्या आसपास. ती कुठे जाणार? बेल्ट मोठ्या रबरबँडसारखा मागे जातो आणि टोकाला जे काही असेल ते बरोबर नेतो. त्यातला फक्त दहावा भाग दीड किलोच्या हुकाला मिळाला असं मानलं तरी हुकाचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या वर जातो. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमचा असतो. आपले फास्ट बोलर ताशी १४०-१४५ने टाकतात तेव्हा हेल्मेट घालूनसुद्धा बॅट्समन घाबरतो. इथे त्याच्या नऊपट वजनाचं लोखंड त्याहून जोरात येतं, आणि समोर हेल्मेट घातलेलं कोणी नसतं. पाठमोरा ड्रायव्हर असतो, नाहीतर बघायला जमलेली गावातली पोरं.

म्हणजे गंमत बघा, मामाने साधा सोल बांधला असता तर कदाचित सोल तुटला असता आणि आम्ही हसलो असतो. चांगला, ताणणारा, महागाचा बेल्ट आणला आणि तो वाईट हुकाला बांधला, त्यामुळे प्रकरण जिवावर आलं. लोक बेल्टवर पैसे खर्च करतात, तो ज्याला बांधायचा त्याचा विचारच करत नाहीत. (साखळी किंवा वायररोपने झटका देणं हा उपाय नाही, हेही सांगून टाकते. ते जवळजवळ ताणतच नाहीत. त्यामुळे तीच गाडी त्याच वेगात बल कित्येक पटीने वाढवते आणि काहीतरी तुटतंच. वायररोपने सावकाश, आधी ताण घेऊन, झटका न देता ओढायचं असतं.)

हे फक्त आमच्याच बाबतीत झालेलं नाही. ऑस्ट्रेलियात ट्रेलर ओढायच्या गोळ्याला, म्हणजे टो बॉलला, असा बेल्ट लावल्यामुळे तो गोळा तुटून माणसं मेलेली आहेत. एकदा नाही, अनेकदा. तिथे अशा बेल्टवर सूचना छापणं कायद्याने सक्तीचं आहे: बेल्टची ताकद हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट हवी, टो बॉलला लावू नका, माणसांना बेल्टच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. आपल्याकडे पिशवीवर काय छापलेलं होतं? एका डोंगरावर चढलेल्या गाडीचा फोटो.

आता तुम्ही म्हणाल, कंपनीने गाडीला हुक दिलेला असतो ना! असतो. पण तो कशासाठी दिलाय ते बघा. बऱ्याच गाड्यांच्या बंपरवर एक छोटं चौकोनी झाकण असतं, ते काढून त्यात एक आयबोल्ट फिरवून बसवायचा असतो. तो बंद गाडी डांबरी रस्त्यावरून हळूहळू गॅरेजपर्यंत नेण्यासाठी. युरोपचा नियम असा आहे की या टोइंग डिव्हाइसने गाडीच्या भरलेल्या वजनाच्या निम्म्याइतकं बल सहन केलं पाहिजे. निम्म्या! दोन टनांच्या गाडीला एक टन. आपण आत्ताच साडेतीन टन काढले. आणखी एक फसवी जागा म्हणजे गाडीखाली दिसणारी वाकडी कडी. शोरूमला येताना गाडी ट्रेलरवर किंवा जहाजावर खाली बांधून ठेवायची कडी ती. ती गाडी जागेवर धरून ठेवायला बनवलीय, चिखलातून उपटायला नाही. दिसायला मात्र तंतोतंत हुक.

मग काय लावायचं? इथे मला आपल्या सिलॅबसवर अन्याय करता येणार नाही, कारण उत्तर मशीन डिझाइनच्या पहिल्याच युनिटमध्ये आहे. नकल जॉइंट! सगळ्यांनी तो काढलाय, बहुतेकांनी पाठ केलाय आणि प्रॅक्टिकली कोणीही बघितलेला नाही. रिकव्हरी पॉइंट म्हणजे त्यातला डोळा. प्लेटला भोक, भोकात शॅकलची पिन. तुटायचे प्रकारही तेच: भोकाच्या बाजूची प्लेट ओढून तुटेल, भोकाच्या पुढची फाटेल, पिन कापली जाईल, नाहीतर भोक चेपून लांबट होईल. १२ मिलिमीटर जाडीची, ६५ रुंदीची साधी एम.एस. प्लेट घेतली आणि २५चं भोक पाडलं तरी बाजूला ४८० चौरस मिलिमीटर उरतं. २५० मेगापास्कलच्या यील्डला ते १२ टन झालं. म्हणजे प्लेट हा प्रॉब्लेमच नाही. प्रॉब्लेम नेहमी असतो तो प्लेट गाडीला कशी धरून ठेवायची याचा.

आम्ही हे घेऊन एका गॅरेजमध्ये गेलो. तिथले मिस्त्री म्हणाले, "मॅडम, वेल्ड मारून देतो, हत्ती बांधा." मिस्त्रींबद्दल मला आदर आहे. त्यांना जे हाताने कळतं ते मला पुस्तकातून कळत नाही. पण इथे मी 'नको' म्हटलं. चॅसीवर वेल्डिंग केलं की वेल्डच्या शेजारची पट्टी तापून गार होते आणि तिथल्या स्टीलचा स्वभाव बदलतो, काही स्टीलमध्ये ती ठिसूळ होते. वरून वेल्ड सुंदर दिसतो, आत किती शिरलाय ते दिसत नाही. आणि झटका नेमका तिथेच बसणार. सर्टिफाइड वेल्डर, योग्य रॉड, नंतर तपासणी हे सगळं असेल तर गोष्ट वेगळी. संध्याकाळी सातला, बॅटरीची वायर न काढता, पेट्रोलच्या टाकीपासून दोन हातांवर मारलेला वेल्ड मला नको होता.

बोल्टने लावायचं तर कुठे? बंपरला नाही, ही पहिली गोष्ट. बंपर स्वतःच चार बोल्टांवर लटकलेला असतो, आणि नव्या गाड्यांमध्ये तर बंपरच्या मागे असे भाग असतात जे धडकेत चेपावेत म्हणूनच मऊ ठेवलेले आहेत. बल थेट चॅसीच्या लांब रेलमध्ये गेलं पाहिजे. आमच्या जीपची रेल पुढच्या टोकाला सी-चॅनेल आहे. तिच्या उभ्या भिंतीला, म्हणजे वेबला, प्लेट चिकटवून बोल्ट आडवे घालायचे. म्हणजे पुढे ओढताना बोल्ट उपटले न जाता शिअरमध्ये राहतात आणि घट्ट आवळलेले असतील तर बरंचसं बल दोन पत्र्यांच्या घर्षणातच जातं. वरच्या-खालच्या फ्लँजला भोक पाडायचं नाही. ट्रकच्या बॉडीबिल्डर लोकांसाठी कंपन्यांच्या ज्या सूचना असतात त्यातही फ्लँजला ड्रिल मारू नका असंच सांगितलेलं असतं, कारण वाकताना सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो. (एसओएम, बेंडिंग स्ट्रेस डिस्ट्रिब्युशन. सर, मला आठवतंय!) शक्यतो कंपनीने आधीच पाडलेली भोकं वापरायची.

ज्यांच्या गाडीची रेल बंद चौकोनी पेटीसारखी आहे त्यांच्यासाठी एक छोटी पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. आरपार बोल्ट टाकून आवळला की पेटीच्या भिंती आत चेपत जातात आणि बोल्ट कधीच खरा घट्ट होत नाही. म्हणून आतमध्ये बोल्टभोवती एक जाड नळी, बरोबर पेटीच्या रुंदीची, घालावी लागते. मग आवळलेलं बल भिंतींवर न येता नळीवर येतं. ही नळी बाहेरून दिसत नाही, म्हणून ती कोणी घालत नाही. मी विचारलं तेव्हा गॅरेजमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आम्ही प्रत्येक बाजूला १२ मिलिमीटरचे ८.८चे चार बोल्ट घेतले. एकाला शिअरमध्ये ४० किलोन्यूटन धरले तर चार मिळून १६ टन होतात. बेल्ट पाच टनी. मामाला हे फारच जास्त वाटलं. पण हीच तर सगळी आयडिया आहे! काही तुटायचंच असेल तर बेल्ट तुटावा. नुसता बेल्ट येऊन लागला तरी वाईटच, पण त्याच्या टोकाला लोखंड नसेल तर निदान तोफगोळा होत नाही. साखळीतली सगळ्यात कमजोर कडी कोणती असावी हे आपण ठरवायचं, ते तिच्यावर सोडायचं नाही. शिवाय चिखलात गाडी कधी नाकासमोर सरळ नसते, बेल्ट तिरका जातो, डोळ्याची प्लेट बाजूला वाकते. १६ टनांचे किती शिल्लक राहतात ते चिखल ठरवतो.

डावी-उजवी दोन्ही बाजूंना पॉइंट असले की आणखी एक सोय होते. दोन्हींना मिळून एक आखूड पट्टा लावायचा आणि त्याच्या मधून ओढायचं, म्हणजे एकाच रेलवर सगळा भार येत नाही. मात्र तो पट्टा आखूड असून चालत नाही. दोन बाजूंमधला कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येक पॉइंटवर ५८ टक्के बल येतं. कोन १२० झाला तर प्रत्येकावर पूर्ण शंभर टक्के! म्हणजे दोन लावून उपयोग शून्य, उलट चॅसीची दोन टोकं एकमेकांकडे ओढली जाणार. इंजिनिअरिंग मेकॅनिक्सला मी लामीच्या थिअरमला फार शिव्या दिल्या होत्या, त्या परत घेते.

आता जे मला खरंच खटकतं ते लिहिते. आपल्या कॉलेजची बाहाची टीम आहे. बाहाच्या रूलबुकमध्ये प्रत्येक गाडीला पुढे आणि मागे हिच पॉइंट सक्तीचा असतो आणि टेक्निकल इन्स्पेक्शनमध्ये तो बघितला जातो. आमची ती एवढीशी गाडी, ड्रायव्हर धरला तरी जीपच्या पाव वजनाची नाही. तिला ओढायची वेळ आली तर कशाला धरून ओढायचं याचा विचार ती बनवायच्या आधी केलेला असतो. आणि दोन टनांची गाडी, जी मुद्दाम चिखलात घालण्यासाठीच घेतलेली आहे, तिच्या मालकाला हा विचार गाडी रुतल्यावर, पावसात, अंधार पडताना सुचतो! तेव्हा मग वाकून बघायचं आणि जे हुकासारखं दिसेल त्याला बांधायचं.

यात दुकानदारांचाही हात आहे. मामाने तो लाल हुक ज्या ॲक्सेसरीच्या दुकानातून घेतला तिथे मी नंतर मुद्दाम गेले आणि विचारलं की हा किती टनांचा? काउंटरवरचा दादा म्हणाला, "टन वगैरे नाही मॅडम, हा लूकसाठी आहे." मग तसं लिहा ना त्यावर! लेदरसारख्या दिसणाऱ्या सीटकव्हरवर रेग्झिन लिहितातच की. फसवणूक म्हणून नाही म्हणत मी, तो बिचारा खरंच सांगत होता. पण हुकाचा आकार असलेली वस्तू गाडीच्या पुढे लावली की कोणीतरी, कधीतरी तिला ओढणारच. शॅकल घ्यायला गेलं तर चांगल्या शॅकलवर वर्किंग लोड कोरलेला असतो, ३.२५ टन, ४.७५ टन असा. क्रेनच्या पट्ट्यावर लेबल असतं. मग गाडीच्या हुकावर आकडा का नको? माझं स्पष्ट मत आहे की ज्या हुकावर आकडा नाही तो विकताच कामा नये, आणि तोपर्यंत आपण घेता कामा नये.

कायद्याचं काय, असं बाबांनी विचारलं. ते नेहमी हेच विचारतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं होतं, मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली. कारण रास्त होतं: असा गार्ड पायी चालणाऱ्याला जास्त लागतो आणि धडकेचं बल भलतीकडेच नेतो. म्हणून पॉइंट गाडीच्या बाहेर काढून मिरवायचा नाही. आमचा डोळा बंपरच्या रेषेच्या आत आहे आणि शॅकल गरज पडेल तेव्हाच लावायचा. रस्त्यावर लटकत, खडखडत न्यायचा नाही. ते बघायला भारी वाटत असेल तरीही.

"आम्ही कुठे एवढं ऑफरोडिंग करतो?" असं हॉस्टेलवरच्या एकाने मला ऐकवलं. त्याच्या घरी बोलेरो आहे, गावी. मी त्याला विचारलं, पावसाळ्यात कधी रुतली नाही? तर म्हणे, रुतते ना, दर वर्षी, मग शेजारचा ट्रॅक्टर बोलावतो. कशाला बांधता? त्याला माहीतच नव्हतं! "ड्रायव्हर बांधतो." मला तर वाटतं हौसेने चिखलात जाणाऱ्यांपेक्षा याच लोकांना जास्त गरज आहे, कारण त्यांना जावंच लागतं. आणि २०१८ला केरळात पूर आला तेव्हा हौशी जीपवाल्यांनीही जाऊन लोकांना बाहेर काढलं होतं. तशा वेळी ओढायची गाडी आपलीच असेल असंही नाही.

एक सांगायचं राहिलं. पॉइंट कितीही चांगला लावला तरी आधी फावडं. चाकापुढचा चिखल काढा, टायरमधली हवा कमी करा, दगड घाला. अर्धं काम तिथेच होतं आणि जेवढं कमी ओढावं लागेल तेवढं चांगलं. ओढायचंच झालं तर बेल्टवर मधोमध एखादी जड गोधडी किंवा भिजवलेलं पोतं टाका, म्हणजे तुटला तर उडण्याऐवजी खाली पडायची शक्यता वाढते. माणसं लांब. पोरं तर फारच लांब, आणि त्यांना 'बाजूला व्हा रे' म्हणून भागत नाही, ती परत येतात. एका माणसाला फक्त तेवढंच काम द्यायचं. (मामाने ते काम मला दिलंय. फावड्यापेक्षा बरं आहे.)

प्लेट आम्ही दिवाळीच्या सुट्टीत बसवल्या. भोकाच्या कडा मी स्वतः कानशीने घासून गोल केल्या. मामाने बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळायला घेतले तेव्हा मी वर्कशॉपमधून रीतसर सही करून आणलेली टॉर्क रेंच काढली. त्यावरून अर्धा तास वाद झाला. शेवटी मामी बाहेर आली आणि "तिचं ऐक" एवढंच म्हणाली. बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवलीय. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. प्रत्येक ट्रिपच्या आधी ती बघायची.

मला त्यातली एक प्लेट तुटेपर्यंत ओढून बघायची आहे. आपल्या एसओएम लॅबमध्ये यूटीएम आहे, फक्त प्लेट धरायला फिक्स्चर नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "आधी जर्नल पूर्ण कर." जर्नल झालंय. फिक्स्चर बनवायला कोणी येणार असेल तर मला वर्कशॉपमध्ये भेटा, शनिवारी चारनंतर मी तिथेच असते. आणि घरी फोर बाय फोर असेल तर येताना पुढच्या आणि मागच्या हुकाचा फोटो काढून आणा, वरून नाही, गाडीखाली आडवं होऊन. बोल्टचं डोकं दिसलं पाहिजे.